वॉरन : सनदेपासून बिळापर्यंत

इंग्लंडच्या नैऋत्येला डार्टमूरचा माळ. गवताखाली लांबट उंचवटे दिसतायत. जुन्या अभ्यासकांना ही थडगी वाटली होती. प्रत्यक्षात ती माणसांनी सशांसाठी बांधलेली घरं आहेत. इंग्रजीत ‘पिलो माउंड’, म्हणजे उशीसारखा ढिगारा. इथले लोक त्याला ‘बरी’ म्हणत. आणि असे ढिगारे असलेलं सगळं रान म्हणजे वॉरन.

आज कोशात वॉरन म्हणजे आतून एकमेकांना जोडलेली सशांची बिळं. मुळात मात्र तो हक्क होता. शब्द नॉर्मन फ्रेंचमधून आला. राजाकडून ‘फ्री वॉरन’ची सनद मिळाली, तरच जमीनदाराला स्वतःच्या जमिनीवर ससे, तितर अशी लहान शिकार करता येई. सनदेचं नाव पुढे राखीव रानाला पडलं आणि रानाचं बिळांना.

मराठीत ससा एकच. पण आपला रानससा बीळ खणतच नाही. गवतात अंगापुरती जागा दाबून बसतो आणि त्याची पिल्लं उघड्या डोळ्यांनी जन्मतात. बिळातला ससा वेगळा. त्याची पिल्लं आंधळी, बिनकेसाची. नॉर्मन काळात तो इंग्लंडात आणला गेला तो मांसासाठी आणि कातडीसाठी. ओलसर, घट्ट जमिनीत त्याला खणणं जड जाई, म्हणून ही सोय.

ढिगारा जवळून पाहा. लांबी साधारण १५ ते ४० मीटर, रुंदी ५ ते १०. भोवती उथळ चर. चरातली माती मधे टाकायची, जोडीला दगड. पण चोपायची नाही, भुसभुशीत ठेवायची. उतारावर ढिगारा उताराच्याच दिशेने लांब काढायचा, म्हणजे पाणी चरातून खाली निघून जातं. पाणी तुंबलं की बिळातली पिल्लं गेलीच.

जवळच सशांच्या शत्रूंसाठी हा सापळा. दोन बुटक्या दगडी भिंती एकमेकींच्या जवळ येत जातात. टोकाला दगडी नळी, तिच्या तोंडांशी पाटीच्या दगडाची झडप. भिंतीच्या कडेकडेने पळणारा स्टोट, मुंगसासारखाच लांबुडका शिकारी, इथे अडके.

ससे धरायचे हिवाळ्यात. तेव्हा कातडी दाट असते. प्रत्येक तोंडावर जाळी लावून खुंटी ठोकायची आणि आत पाळीव फेरेट, स्टोटचाच भाऊबंद, सोडायचा. ससा उसळून बाहेर येतो, जाळीचं तोंड आवळतं. एक भोक नजरेतून सुटलं की सगळे तिथूनच पसार. फेरेटच्या तोंडाला मुसकं नसेल, तर तो आतच ससा मारतो, खातो आणि झोपतो. मग त्याला शोधत ढिगारा खणत बसा!

पूर्व इंग्लंडातल्या थेटफोर्डला सन १४०० च्या सुमाराचा हा गारगोटीचा मनोरा राखणदाराचा, म्हणजे वॉरनरचा. जाड भिंती शिकारचोरांपासून बचावासाठी.

सशांनी शेजारची पिकंही खाल्ली; १८८० च्या कायद्याने कुळांना ते मारायचा हक्क मिळाला आणि १९५३ मध्ये मिक्सोमॅटोसिस या सशांच्या जीवघेण्या रोगाची साथ आली.

शब्द मात्र शहरात शिरला. दाटीच्या चाळी, वाट चुकवणाऱ्या गल्ल्या, ऑफिसातल्या अरुंद खोल्या, सगळ्याला इंग्रजीत वॉरन म्हणतात. आपण गल्लीबोळ म्हणतो. बीळ आणि बोळ कानाला तरी सख्खेच.

डेव्हनच्या किनाऱ्यावरचं हे रेल्वे स्थानक. पाटीवर नाव, डॉलिश वॉरन. बादल्या-फावडी घेतलेली मुलं उतरतायत, वाळूत खणायला.