एका पत्त्यावर दोन यंत्रं
(मालवणात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण निवास-न्याहारी चालवतात, काहींची दुकानं आहेत, शाळेचा संगणक कक्ष सांभाळणाऱ्या बाईही आल्या आहेत. तुमच्यापैकी ज्यांनी ज्यांनी मला गेल्या दोन-तीन वर्षांत फोन केला, त्यांच्या फोनची सुरुवात ठरलेली असते: ‘नेट आहे, पण चालत नाही.’ त्यातला एक मोठा वाटा आज सोडवू. एकाच आयपी पत्त्यावर, म्हणजे नेटवर्कमध्ये यंत्राला ओळखायच्या एकाच क्रमांकावर, दोन यंत्रं बसली की काय होतं, ती कशी शोधायची आणि पुन्हा बसू नयेत म्हणून काय करायचं, एवढाच विषय आहे.

तारकर्लीतल्या एका घरापासून सुरुवात करतो. आठ खोल्या, पडवीत छोटं टेबल, त्यावर लॅपटॉप आणि बिलं छापायचा प्रिंटर. दिवाळीची सुट्टी, सगळ्या खोल्या भरलेल्या. काकी मला म्हणाल्या, “सांजेक बिल येता, सकाळी येना नाय रे झिला.” आणि पाहुणे निघतात सकाळीच. त्याआधी कुणीतरी शाई बदलून दिली होती, वायर बदलली होती, शेवटी राउटरही नवा घेतला होता. फरक शून्य. पावसाळाभर हाच प्रिंटर बिनतक्रार चालला होता, हे काकींनी दोनदा सांगितलं, आणि ते फार महत्त्वाचं निघालं.

मी काय केलं, तर प्रिंटरचं बोर्डावरचं बटण बंद केलं. दिवा विझला. मग लॅपटॉपवर आज्ञा लिहायच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) ‘पिंग’ (ping) लिहून पुढे प्रिंटरचा पत्ता दिला, १९२.१६८.१.११०. आणि उत्तर आलं. एकामागून एक, चार वेळा. प्रिंटर मेलेला, तरी त्याच्या पत्त्यावरून कुणीतरी ओ देतंय! त्या क्षणी निम्मं निदान झालं. याच पत्त्यावर घरात दुसरं कुणीतरी राहत होतं.

आता हे घडतं कसं? घरातल्या राउटरकडे पत्त्यांची एक हद्द असते, पत्त्यातला शेवटचा आकडा समजा १०० ते १९९. जो फोन, जो लॅपटॉप जोडला जातो, त्याला राउटर त्यातला मोकळा पत्ता काही तासांसाठी देतो आणि स्वतःच्या वहीत नोंद करतो. या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. पण काकींचा प्रिंटर बसवणाऱ्याने ११० हा पत्ता प्रिंटरच्या आत हाताने भरून ठेवला होता. राउटरच्या वहीत त्याची नोंदच नाही. पावसाळ्यात घरात दोन-तीन फोन, त्यामुळे १००, १०१, १०२ इथेच काम भागायचं, ११० पर्यंत कुणी पोचायचंच नाही. दिवाळीत वीस फोन आले आणि वाटप ११० वर येऊन थडकलं.

मग संध्याकाळी का चालायचं? व्होल्टेजच्या भीतीने काकी रात्री प्रिंटरचं बटण बंद करायच्या. बरेच राउटर पत्ता देण्याआधी त्या पत्त्याला हाक मारून बघतात, कुणी उत्तर दिलं तर तो पत्ता देत नाहीत. रात्री उशिरा पोचलेल्या पाहुण्याचा फोन जोडला गेला तेव्हा प्रिंटर बंद, हाकेला उत्तर नाही, म्हणजे पत्ता मोकळा. दिला फोनला. सकाळी काकींनी प्रिंटर चालू केला, आणि एका पत्त्यावर दोघं आले. पाहुणा निघून गेला की प्रिंटर पुन्हा एकटा, म्हणून संध्याकाळी बिलं सुरळीत. भूतबाधा वाटावी असा बिघाड, पण त्याच्या मागचा हिशेब किती सरळ आहे बघा.

दोघं आल्यावर नेमकं काय बिघडतं, ते नीट समजून घ्या, कारण पुढची शोधाशोध त्यावरच उभी आहे. प्रत्येक यंत्राला कारखान्यातून येणारी आणखी एक ओळख असते, मॅक पत्ता. आयपी पत्ता कुणाकडे आहे हे शोधायला लॅपटॉप सगळ्या नेटवर्कवर हाळी देतो: ‘११० कोण?’ ज्याचा तो पत्ता, तो आपला मॅक सांगतो. याला एआरपी म्हणतात. डेव्हिड प्लमर यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये ही पद्धत लिहून काढली आणि आजही जगभर घराघरांत तीच चालते. तिच्यात खरंखोटं तपासायची सोय नाही, जो उत्तर देईल त्याच्यावर विश्वास. वाडीत एकाच नावा-आडनावाचे दोघं असले आणि पोस्टमनने पाणंदीतूनच हाक मारली, की दोन्ही अंगणांतून ‘ओ’ येते, तसंच हे. लॅपटॉप ज्याचं उत्तर लक्षात ठेवेल, बिल त्याच्याकडे जातं. कधी प्रिंटरकडे, कधी पाहुण्याच्या फोनकडे. फोनला बिलाशी काय करायचं असतं? तो ते टाकून देतो. म्हणूनच हा बिघाड धड पूर्ण बंद नसतो, अधूनमधून चालू-बंद होतो, आणि माणसं वायर, शाई, नेट कंपनी सगळ्यांना दोष देत बसतात.

यावर उपाय नंतर आला. स्टुअर्ट चेशायर यांनी जुलै २००८ मध्ये आरएफसी ५२२७ या नावाचा नियम मांडला: पत्ता वापरण्याआधी यंत्राने त्या पत्त्याबद्दल तीन वेळा विचारून बघावं, उत्तर आलं तर तो पत्ता घेऊ नये. राउटरकडून पत्ता घेणाऱ्या यंत्राने अशा वेळी राउटरला ‘हा नको’ असं कळवायचं असतं, मग त्याला दुसरा मिळतो. विंडोजवर ‘आयपी ॲड्रेस कॉन्फ्लिक्ट’ची सूचना येते ती याच तपासणीतून. आता यातून एक गोष्ट लक्षात घ्या. आपोआप पत्ता घेणारी यंत्रं स्वतःचं बरंचसं निस्तरतात. अडून बसतात ती हाताने पत्ता भरलेली: प्रिंटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, हजेरीचं यंत्र. शोध तिथूनच सुरू करायचा.

तर काकींच्या घरी पुढे मी ‘एआरपी’ लिहून, एक जागा सोडून, वजा चिन्ह आणि ‘ए’ दिलं. ११० समोर एक मॅक पत्ता दिसला. पिंगला उत्तर आलं नाही तरी ही यादी बघायची बरं का, कारण यंत्राची फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या हाका गाळणारी सोय, पिंग अडवू शकते, एआरपीला मात्र उत्तर द्यावंच लागतं. मॅकमधली पहिली सहा अक्षरं कंपनी सांगतात. पण इथे दुसरं अक्षर ‘ई’ होतं. त्या जागी २, ६, ए किंवा ई असेल तर तो मॅक सहसा बनावट असतो. अँड्रॉइड १० आणि आयफोनचं आयओएस १४ आल्यापासून फोन स्वतःची खरी ओळख लपवायला असा मॅक घेतात. म्हणजे पाहुण्याचा फोन. राउटरच्या यादीतही तो दिसला.

दुरुस्ती दहा मिनिटांची. प्रिंटरमध्ये हाताने भरलेला पत्ता काढून ‘आपोआप’ केलं आणि राउटरच्या पानावर जाऊन प्रिंटरच्या मॅकला ११० हाच पत्ता राखीव करून टाकला. तोच आकडा ठेवला म्हणून लॅपटॉपमध्ये काही बदलावं लागलं नाही. वेगळा दिलात तर लॅपटॉपमधला प्रिंटरचा पत्ताही बदला. हे विसरून परत फोन करणारे खूप आहेत. पाहुण्याला वायफाय एकदा बंद-चालू करायला सांगितलं, त्याला दुसरा पत्ता मिळाला. आता नोंद राउटरच्या वहीत आहे, प्रिंटर रात्रभर बंद राहिला तरी ११० कुणाला जात नाही.

राखीव करायची सोय नसलेला जुना राउटर असेल, तर हाताने दिलेले पत्ते २ ते ९९ मध्ये ठेवा आणि वाटपाची हद्द १०० पासून पुढे. आणि यंत्रावर पत्त्याची चिठ्ठी चिकटवा. कृपा करून चिकटवा. ज्याने प्रिंटर बसवला तो मुंबईला गेला आणि पत्ता त्याच्याबरोबर गेला, असं मी किती घरांत बघितलंय.

आपल्याकडचं आणखी एक कारण म्हणजे चिऱ्याच्या भिंती. जाड चिऱ्यातून वायफाय मागच्या खोलीपर्यंत पोचत नाही. मग कपाटातला जुना राउटर काढून तिकडे जोडला जातो. तोही पत्ते वाटायला लागतो, आणि बऱ्याचदा दोघांचा स्वतःचा पत्ताही १९२.१६८.१.१ असतो. एका घरात दोन तलाठी, दोघांच्या वह्या वेगळ्या. ओळखायचं कसं? माजघरात आणि मागच्या खोलीत ‘आयपीकॉन्फिग’ पुढे तिरकी रेघ आणि ‘ऑल’ लिहून गेटवेचा, म्हणजे राउटरचा, पत्ता बघा, मग एआरपीच्या यादीत त्या पत्त्यासमोरचा मॅक बघा. दोन खोल्यांत दोन मॅक दिसले तर चोर सापडला. जुन्या राउटरचं डीएचसीपी बंद करा, त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, आणि वायर त्याच्या लॅनच्या (घरातल्या यंत्रांसाठीच्या) भोकात घाला, वॅनच्या (बाहेरून येणाऱ्या नेटच्या) नाही.

तिसरं, वीज. पुष्कळ साधे राउटर वाटपाची नोंद तात्पुरत्या स्मृतीत ठेवतात. वीज गेली की वही कोरी. फोन वायफाय तुटल्यावर पुन्हा विचारायला येतो, ते ठीक. पण ऑफिसात नेटच्या वायरी जोडायचा स्विच इन्व्हर्टरवर आणि राउटर साध्या बोर्डावर असेल, तर वायरने जोडलेल्या लॅपटॉपला राउटर गेला-आला हे कळतच नाही. तो जुना पत्ता धरून बसतो, आणि कोऱ्या वहीचा राउटर तोच पत्ता दुसऱ्याला देऊ पाहतो. म्हणून राउटरही इन्व्हर्टरवर घ्या. त्याला वीज फारच थोडी लागते.

(प्रश्नोत्तरांत एकांनी विचारलं: चार नवे कॅमेरे एकदम जोडले, एकच दिसतो, बाकीचे खराब आले का?)

खराब नसावेत. एकाच कंपनीचे बरेच कॅमेरे कारखान्यातून एकच ठरलेला पत्ता घेऊन येतात. चौघांनी एकदम ‘ओ’ दिली. तिघांच्या वायरी काढा. एक जोडा, त्याचा पत्ता बदला, चिठ्ठी लावा, मग दुसरा. आणि प्रत्येक वेळी कॅमेरा बदलल्यावर लॅपटॉपवर एआरपीची जुनी यादी पुसून घ्या, म्हणजे ‘एआरपी’ पुढे वजा आणि ‘डी’, पुढे ताऱ्याचं चिन्ह (*). नाहीतर लॅपटॉप आधीच्याच कॅमेऱ्याला शोधत राहील. हे विंडोजवर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या खिडकीतच चालतं.