चमचा तिरका करून पाहा

आधी डाळीच्या पाण्याचं बोलू, कारण चूक तिथूनच सुरू होते. बाळाला सहा महिने पूर्ण झाले की घरोघरी पहिली वाटी येते ती वरणाच्या वरच्या पाण्याची. पचायला हलकं, म्हणून. हलकं आहेच, कारण डाळ तळाशी राहिली! बाळाच्या पोटात वजनाच्या दर किलोमागे साधारण 30 मिलिलिटर मावतं. सात किलोचं बाळ म्हणजे दोनशेच्या आसपास. एवढीशी जागा पाण्याने भरली की बाळ दूधही नीट पीत नाही आणि वजनाचा काटाही हलत नाही. सहा ते आठ महिन्यांत आईच्या दुधाखेरीज रोज सुमारे 200 कॅलरी वरच्या अन्नातून लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत 300, वर्षानंतर 550.

म्हणून चमच्यात अन्न घ्या आणि चमचा तिरका करा. धार लागली तर पातळ. गोळा सावकाश घसरला तर बरोबर.

मूगडाळीची खिचडी घ्या. दोन मोठे चमचे तांदूळ, एक मोठा चमचा डाळ, सव्वा वाटी पाणी, चिमूटभर हळद. कुकरच्या डब्यात चार शिट्ट्या, आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. मग चमच्याच्या पाठीने घोटायचं, वरून एक छोटा चमचा तूप. एवढ्यात पावणेदोनशेच्या आसपास कॅलरी येतात. सुरुवातीला दोन-तीन मोठे चमचे, दिवसातून दोनदा. वाढवत अर्ध्या कपापर्यंत. मीठ-साखर नको. मध तर वर्षापर्यंत बोटालाही लावू नका, त्यात जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात.

मुलीचं उष्टावण पाचव्या महिन्यात करायची पद्धत काही घरांत आहे. मुहूर्त पाळा, चांदीची वाटी काढा, पण खीर फोटोपुरती ठेवा. खायला सुरुवात सहा महिने पूर्ण झाल्यावर. तोवर बाळाने मान धरलेली असते, आधाराने ते बसतं आणि चमचा जिभेने बाहेर ढकलत नाही.

आता नाचणी. आठ-दहा तास भिजवून, कापडात बांधून दिवस-दीड दिवस मोड आणायचे. मोड आले की धान्यातला एक विकर (एन्झाइम) जागा होतो आणि शिजताना पिष्टाचे (स्टार्चचे) तुकडे करतो. त्यामुळे त्याच वाटीत जास्त पीठ घातलं तरी लापशीचा घट्ट गोळा होत नाही. मात्र कडक भाजलंत तर हे काम थांबतं, म्हणून मंद आचेवर फक्त ओल जाईपर्यंत परता. मुंबईच्या जुलैत हे धान्य खिडकीत वाळणार नाही. दोन दिवसांत आंबूस वास येतो, पांढरी बुरशी दिसते. तसं धान्य धुऊन वापरायचं नाही, टाकायचं. पंख्याखाली पातळ पसरा, करायचं तेही पंधरा दिवसांपुरतंच, डबा फ्रीजमध्ये. फडक्यातून गाळून काढलेलं पांढरं सत्त्व दिसायला छान, पण नाचणीचं कॅल्शियम बरंचसं सालीत असतं आणि ती आपण फेकतो. नुसतं चाळलेलं पीठ त्याहून चांगलं.

लोहाचं मात्र नाचणीवर सोडू नका. जन्मावेळची साठवण साधारण सहा महिन्यांत संपते. अंड्याचा पिवळा आणि पांढरा दोन्ही भाग पूर्ण शिजवून चालतात. रावस उकडून, काटा बोटांनी चाचपून काढून. कोंबडीची कलेजी कुस्करून. शाकाहारी घरात डाळीवर चार थेंब लिंबू पिळा, लोह जास्त शोषलं जातं. अंगणवाडीत आणि सरकारी केंद्रांत लोहाचं सिरप मिळतं, आठवड्यातून दोनदा 1 मिलिलिटर. चहात बुडवलेलं बिस्किट लिंबाच्या नेमकं उलटं करतं, लोह नीट शोषू देत नाही. शेंगदाण्याची बारीक पूड लापशीत घाला. अख्खा दाणा, फुटाणे, द्राक्ष मुळीच नाही. बाळाला तीव्र इसब असेल तर शेंगदाणा आणि अंड्याआधी डॉक्टरांना विचारा.

सकाळी आठच्या लोकलला निघणाऱ्या आईने खिचडीचा डबा पाळणाघरात ठेवला आणि बाळाने तो दुपारी एक वाजता खाल्ला, तर पाच तास तो इथल्या दमटपणात होता. दोन तासांपलीकडे नको. डबा थंड करून लगेच तिथल्या फ्रीजमध्ये, आणि देताना सगळीकडून वाफ येईपर्यंत गरम; मग निववून. फ्रीज नसेल तर भाजलेलं कोरडं पीठ द्या, तिथे उकळून दहा मिनिटांत लापशी होते. बाळाने उष्टा केलेला उरलेला घास संध्याकाळसाठी ठेवायचा नाही.

मिक्सर सातव्या महिन्याअखेर बंद करा. आठव्यात काट्याने कुस्करलेलं, नवव्यात मऊ बारीक गाठी. गाठी द्यायला फार उशीर केला तर पुढे बाळ चावायलाच तयार होत नाही. पहिल्या गाठीला ते ओकारी काढल्यासारखं करेल, डोळ्यांत पाणी येईल, आवाजही होईल. त्याने घाबरू नका, घास ते स्वतः पुढे ढकलतं. आवाज बंद, रडणं नाही, ओठ निळे, तेव्हा घास अडकलेला असतो. बाळाला हातावर पालथं घ्या, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा. मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब. निघेपर्यंत आलटून पालटून, आणि कोणीतरी 108 लावायचा. तोंडात आंधळेपणाने बोट घालायचं नाही, घास आणखी आत जातो.