थर उतरवणारी शिट्टी

ज्यांच्या घरी एक बंद दार आहे आणि त्या दाराआडून रात्री अकरा वाजता 'अरे रोटेट कर, रोटेट!' असं ऐकू येतं, त्या पालकांनी जरा हात वर करा. बघा, अर्धं सभागृह! तलावपाळीवरची हवा सोडून तुम्ही इथे का बसलात, ते कळलं मला. आणि पुढच्या दोन रांगांत पोरं बसली आहेत, म्हणजे आज तेवढी दारं उघडी आहेत.

विषय आहे, टीमच्या गेममध्ये आयजीएल म्हणून सुधारायचं कसं. आयजीएल म्हणजे इन-गेम लीडर, पाच जणांतला तो एक, जो खेळता खेळता डावपेच ठरवतो, कॉल देतो. त्याच्या हातातही बंदूक असतेच, त्यालाही कोणीतरी मारायला टपलेलं असतंच. मी चार सवयी सांगायचं कबूल केलंय आणि त्या सांगणार आहे. पण आधी दहीहंडीबद्दल बोलू द्या. कारण हे काम मी पहिल्यांदा पाहिलं ते संगणकावर नाही, इथेच ठाण्यात, आमच्या गल्लीत.

माझे बाबा गोविंदा पथकाचे प्रशिक्षक. गुरुपौर्णिमेला नारळ फुटला की रोज रात्री सराव. कामावरून आलेली माणसं जेवून दहाच्या सुमाराला जमायची, आणि मी सात-आठ वर्षांची, बाबांची टॉर्च धरून उभी. थर लागायला लागले की सगळी गल्ली वर बघायची. खिडक्या, गॅलऱ्या, रिक्षावाले, सगळे वर. बाबा वर बघतच नसत! शिट्टी दातांत आणि नजर दुसऱ्या थरातल्या गुडघ्यांवर. मला तेव्हा वाटायचं, एवढी मजा वर चालली आहे आणि हा माणूस खाली काय शोधतोय?

एका रात्री सातव्या थराचा एक्का चढत होता. (तेव्हा एक्का म्हणजे लहान मूलच असायचं. आता १४ वर्षांखालच्या मुलांना चढवायला बंदी आहे, आणि ते फार चांगलं झालं.) तो मुलगा वर पोचला, नुसता उभा राहून हात उंचवायचा बाकी होता, आणि बाबांनी लांब शिट्टी दिली. उतरा! खिडक्यांतून आरडाओरडा, 'अहो, लागला होता की थर!' पोरं चिडली. पण शिट्टी झाली की वाद नाही. आधी एक्का, मग त्याच्या खालचे, पाठीवरून पाठीवर, खांद्यावरून खांद्यावर, सगळे उतरले. दुसऱ्या थरातला एक दादा जमिनीवर आला आणि मटकन खालीच बसला. बाबा म्हणाले, 'इकडे उजेड धर.' मी टॉर्च धरली. त्याच्या उजव्या मांडीत गोळा आला होता आणि कातडीखाली ते स्नायू आपोआप उडत होते, मासा उडतो तसे. त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं. सांगणार कसा, वर पाच थर होते.

आमच्या पथकात थर लागला असं तेव्हाच म्हणतात, जेव्हा तो सुखरूप उतरतो. आणि माझं ठाम मत आहे, आयजीएलचं निम्मं काम हेच आहे. चढवायला सगळे शिकवतात. यूट्यूबवर हजार व्हिडिओ सापडतील, अमुक मॅपवर अमुक साइट, म्हणजे बॉम्ब लावायची जागा, कशी घ्यायची. उतरवायला कोणी शिकवत नाही.

पालकांना वाटतं, हा सगळा बोटांच्या चपळाईचा खेळ, विशीनंतर संपला. तर ऐका. २०२२ साली अँटवर्पला काउंटर-स्ट्राइक या बंदुकांच्या गेमची मेजर, म्हणजे सगळ्यात मोठी, स्पर्धा फेझ क्लॅन या टीमने जिंकली. त्यांचा आयजीएल होता डेन्मार्कचा कॅरिगन, म्हणजे फिन अँडरसन. वय ३२! शत्रू टिपण्याच्या यादीत तो बरेचदा खालीच असायचा. पण कोणी कुठे, केव्हा जायचं, ते तो सांगायचा. शिवाय याच खेळात २०१६ साली मेजर स्पर्धांत प्रशिक्षकाला फेरी चालू असताना बोलायची मनाई झाली. बोलायचं ते टाइमआउटमध्ये, नाहीतर मध्यंतरात. म्हणजे आमच्या खेळात शिट्टी खाली उभ्या माणसाच्या तोंडात नाहीच. ती थरातल्याच एकाने फुंकायची, स्वतःचे गुडघे सांभाळत.

आता माझी गोष्ट. व्हॅलोरंट, हाही पाच विरुद्ध पाच असा बंदुकांचाच गेम, आला २ जून २०२० ला, लॉकडाऊनमध्ये, आणि आमच्यासारख्या कितीतरी जणी तेव्हाच खेळायला लागल्या. रँक्डमध्ये, म्हणजे अनोळखी जोडीदारांबरोबरच्या सामन्यांत, मुलीचा आवाज ऐकला की म्यूट करणारे भेटायचे, अजूनही भेटतात. याचा मला मनापासून राग आहे, कारण जिचा आवाज बंद, ती कॉल देणार कशी? शेवटी पाचजणींनी मिळून स्वतःचीच टीम केली.

नवी मुंबईतल्या एका स्पर्धेत आम्ही फायनलला पोचलो. १३ फेऱ्या जिंकेल तो विजयी. आम्ही ११-९ने पुढे, बचावाच्या बाजूला. एकविसाव्या फेरीत आमच्या दोघी मारल्या गेल्या, त्यांचा एकच. त्यांनी स्पाइक, म्हणजे बॉम्ब, लावला. तो ४५ सेकंदांत फुटतो. मी ठरवेपर्यंत २० सेकंद गेलेले. उरले २५, त्यातले ७ निकामी करायला. म्हणजे १८ सेकंदांत तिघींनी दुसऱ्या टोकाहून धावत यायचं आणि दबा धरून बसलेल्या चौघांना काढायचं. मी म्हटलं, 'जा!'

तिघीही गेल्या.

हिशोब बघा. जिंकल्यानंतरची पहिली फेरी हरली की प्रत्येकीला १९०० क्रेडिट, म्हणजे खेळातले पैसे, मिळतात. आमच्या खिशात सातशेच्या आसपास. झाले २६००. व्हँडल, म्हणजे मोठी बंदूक, येते २९००ला. सेव्ह केलं असतं, लपून बसलो असतो, तर जिवंत राहिल्याबद्दल १९००ऐवजी फक्त १००० मिळाले असते, पण तीन व्हँडल हातात राहिल्या असत्या आणि वर प्रत्येकीकडे १७००, ढालीला पुरतील एवढे. ९०० वाचवायला २९००ची वस्तू आम्ही टाकून आलो. पुढच्या फेरीत पिस्तुलं घेऊन उभ्या राहिलो. मग तीच रड. ११-१०, ११-११, ११-१२, ११-१३. लोक म्हणाले, शेवटच्या फेरीत हरलात. नाही हो, एकविसाव्या फेरीत हरलो. मी हंडीकडे बघत होते.

आयोजक काकांनी चिठ्ठी पाठवली आहे, सात मिनिटं उरली. बरं. पोरांनो, वह्या काढा, भरभर सांगते.

एक, पैसा. खरेदीचे ३० सेकंद असतात. त्यातले पहिले दहा स्वतःच्या बंदुकीवर घालवू नका. पाचही जणांचे क्रेडिट मोठ्याने वाचा आणि ही फेरी हरलो तर पुढच्या फेरीत कोणाकडे किती उरतील, तेही लगेच सांगा. एकाकडे पाच हजार आणि दुसऱ्याकडे अठराशे असतील, तर पहिल्याने दुसऱ्यासाठी बंदूक घ्यायची. हेच तुमचे खालचे थर.

दोन, कॉल छोटा. कुठे, कोण, केव्हा, बस्स. 'बी, तिघी, माझ्या फ्लॅशवर.' म्हणजे बी साइटवर, तिघींनी, मी डोळे दिपवणारा फ्लॅश टाकला की. कारण मागून द्यायचं नाही, ते फेरीनंतर. आणि शेवटचा एकच उरला असेल तर आयजीएलने तोंड मिटायचं. त्याला पावलं ऐकू येऊ देत.

तीन, उतरायचा आकडा मॅचच्या आधी ठरवा. फेरी चालू असताना डोकं तापलेलं असतं, तेव्हा ठरत नाही. आमचा नियम असा: स्पाइक लागलाय, एकाने कमी आहोत आणि २५ किंवा त्याहून कमी सेकंद उरलेत, तर सेव्ह. तेरावी फेरी त्यांच्या हातात जात असेल तेवढा अपवाद, कारण मग बंदूक वाचवून करणार काय? हा आकडा तुमच्या टीमचा वेगळा असेल. लिहून मॉनिटरला चिकटवा.

चार. सगळ्यात महत्त्वाची आणि आता तीनच मिनिटं उरली. स्वतःच्या मॅचचं रेकॉर्डिंग आधी न बघता नुसतं ऐका. मी ऐरोलीला कामाला जाते, ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये कानात घालून ऐकते. त्या फायनलचं रेकॉर्डिंग मी वर्षभर उघडलं नव्हतं. उघडलं तेव्हा माझ्या 'जा!'च्या आधी आमच्यातली एक हळूच म्हणते, 'माझे स्मोक संपलेत.' म्हणजे आड घ्यायला धूर उरला नाही. अगदी स्पष्ट म्हणते. त्या वेळी मला ते ऐकूच आलं नव्हतं.

काका, ती ऑडिओ फाइल लावता का? आवाज जरा मोठा करा. वीस सेकंदांचीच आहे. पुढच्या रांगेतल्यांनी डोळे मिटून ऐका, आणि माझा नाही, बाकीच्या दोघींचा आवाज ऐका.