शाल देण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

परवा आपल्याच भागातल्या एका सत्काराला गेले होते. पाहुण्यांच्या पदव्या वाचल्या, पुरस्कार वाचले, टाळ्या झाल्या. पण या माणसानं आयुष्यभर शोधलं काय, ते शेवटपर्यंत कळलं नाही. घरी येईपर्यंत रुखरुख लागून राहिली. म्हणून आज आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या दोन कामांबद्दलच बोलते.

बाळंतपणात फार रक्त गेलं की आई हाती लागत नाही, हे आपल्या आज्यांनी पाहिलेलं आहे. पण फार म्हणजे किती? तो अंदाज नजरेचा, आणि नजर बहुधा कमीच धरते. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातले डॉ. भालचंद्र कोडकणी, डॉ. शिवप्रसाद गौडर आणि त्यांचे अमेरिकेतले सहकारी यांनी जिल्ह्यातल्या खेड्यांत यावर काम केलं. बाळंतिणीखाली प्लॅस्टिक अंथरायचं. त्याला खाली नरसाळ्यासारखी पिशवी, पिशवीवर मापाच्या रेघा. रक्त पिशवीत उतरायचं आणि नर्सबाई रेघ वाचायची. बाळ झाल्याबरोबर काही बायकांना मिसोप्रोस्टॉलच्या, म्हणजे गर्भाशय आवळून रक्त जाणं कमी करणाऱ्या औषधाच्या, गोळ्या दिल्या, बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या. ही गोळी फ्रीजमध्ये ठेवावी लागत नाही, सुई टोचावी लागत नाही. जिथं रात्री दिवा टिकत नाही, तिथं हे केवढं मोठं! 1620 बायकांचा हा अभ्यास 2006 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. अर्धा लिटर किंवा जास्त रक्त गेलेल्या बायका औषधाविना शंभरात 12 होत्या, औषध घेतलेल्यांत 6.4. पुढं 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी ती गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली.

दुसरं काम भाषेचं. सौंदत्तीकडच्या गुर्लहोसूरचे शं. बा. जोशी शाळामास्तर. कन्नड आणि मराठी माणसांचं जुनं नातं त्यांनी शब्दांतून, गावांच्या नावांतून हुडकलं आणि दोन्ही भाषांत लिहिलं. 1970 साली त्यांना साहित्य अकादमी मिळाली. सीमाप्रश्नानं आपली मनं दुखावलेली आहेत, माझंही आहे. तरी हे काम आपलंही आहे, असं मला मनापासून वाटतं.

आणि त्या रेघा वाचणाऱ्या नर्सबाया? खानापूर, चिक्कोडी, निपाणीच्या शिक्षकांनो, 28 फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो. तुमच्या गावच्या नर्सबाईंना त्या दिवशी वर्गात बोलवा, आणि रक्त कसं मोजतात ते मुलांना त्यांच्याच तोंडून ऐकू द्या.