उपप्रश्न कोण विचारणार?

मंडळी, नमस्कार. माइक जरा जवळ ओढून घेतो, सवय आहे. गेली सहा वर्षं मी एका फ्लॅटच्या आतल्या खोलीत, भिंतीला गोधड्या टांगून आणि पंखा बंद करून बोलतोय. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या संपल्या की रेकॉर्डिंग सुरू. त्यामुळे समोर एवढी माणसं बसलेली पाहून जरा बावरायला होतं.

अध्यक्षांनी ओळख करून देताना ‘पॉडकास्ट या नव्या माध्यमातले’ असं म्हटलं. शब्द २००४ सालचा आहे. ‘गार्डियन’ या ब्रिटिश वृत्तपत्रातल्या एका लेखात बेन हॅमर्सली या पत्रकारानं दोन-तीन नावं सुचवली होती, त्यातलं हे टिकलं. तंत्र तर फारच साधं. तुम्ही तुमची ध्वनिफीत कुठेतरी ठेवायची आणि एक यादी जाहीर करायची, ऐकणाऱ्याचं अॅप ती यादी रोज तपासतं आणि नवं काही आलं की आणून देतं. दुधाचा रतीब असतो ना, अगदी तसंच. मध्ये कुणी मालक नाही, परवाना नाही.

परवाना नाही, यावर जरा थांबतो, कारण आपल्या देशात खरी गोम तिथेच आहे.

माझ्या लहानपणी सकाळी आकाशवाणीचं पुणे केंद्र लागायचं. बातम्या देणाऱ्या सुधा नरवणे यांचा आवाज आला की बाबांचा दाढीचा ब्रश गालावरच थांबायचा. पुढे २००१ मध्ये खासगी एफएम आलं, गाणी आली, पहाटेपासून खिदळणारे आरजे आले. बातम्या मात्र आल्या नाहीत. येऊच दिल्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच सांगून ठेवलं होतं की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तरी खासगी रेडिओला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. द्यायच्याच असतील तर आकाशवाणीचं बातमीपत्र, तेही जसंच्या तसं. दूरसंचार नियामक प्राधिकरणानं २०२३ मध्ये शिफारस केली की तासाला दहा मिनिटं तरी बातम्या देऊ द्या. म्हणजे टीव्हीवर चोवीस तास आरडाओरडा चालतो, आणि रेडिओच्या दहा मिनिटांसाठी शिफारशी कराव्या लागतात!

नियमातली एक गंमत ऐका. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, वीज आणि पाणी यांची माहिती ‘बातमी’ धरली जात नाही, ती एफएमवर चालते. म्हणजे ‘गुरुवारी पाणी येणार नाही’ हे आरजे तुम्हाला सांगू शकतो. का येणार नाही, यात कोण चुकलं, हे विचारायला गेला की ती बातमी झाली. हे पाण्याचं लक्षात ठेवा, शेवटी मला त्यावर यायचंय.

तर आपल्याकडे कानाला राजकारण ऐकवणारं सरकारबाहेरचं माध्यम पॉडकास्टच्या रूपानं आलं, मागच्या दारानं आलं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं २०१७ मध्ये ‘द डेली’ हे पॉडकास्ट सुरू केलं तेव्हा तिथल्या लोकांना रेडिओवर बातम्या नवीन नव्हत्या. एकच विषय घ्यायचा, ज्यानं ती बातमी खणून काढली त्यालाच समोर बसवायचं आणि अर्ध्या तासात उलगडून घ्यायची, ही रीत नवीन होती. आपल्याकडे त्याच वर्षी अमित वर्मांचं ‘द सीन अँड द अनसीन’ सुरू झालं आणि वाढत वाढत पाच-पाच तासांच्या भागांपर्यंत गेलं. मराठीत बीबीसीचं ‘तीन गोष्टी’ आहे, ‘थिंक बँक’सारख्या लांब मुलाखती आहेत. एवढं लांब कोण ऐकतं, असं मला नेहमी विचारतात. अहो, पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती आजही भरते. कीर्तनाचा पूर्वरंग संपेपर्यंत मांडी न मोडणारे लोक आपण. लांबीची धास्ती आपल्याला नाही.

मला धास्ती आहे ती गप्पांची.

नेत्यांना हे माध्यम भलतंच आवडलंय. ओबामा अध्यक्षपदावर असताना, २०१५ मध्ये, मार्क मॅरन या विनोदी कलाकाराच्या गॅरेजमध्ये जाऊन बोलले. ट्रम्प २०२४ च्या निवडणुकीच्या तोंडावर जो रोगन या पॉडकास्टवाल्याकडे जवळजवळ तीन तास बसले. आपले पंतप्रधान जानेवारी २०२५ मध्ये उद्योजक निखिल कामत यांच्या पॉडकास्टवर बोलले, मार्चमध्ये लेक्स फ्रिडमन या अमेरिकेतल्या पॉडकास्टवाल्याशी तीन तासांवर. तेच पंतप्रधान मे २०१९ मध्ये पक्षाच्या पत्रकार परिषदेत हजर होते, तिथे प्रश्नांची उत्तरं मात्र पक्षाध्यक्षांनी दिली. राहुल गांधींनी २०२० मध्ये वेगळीच युक्ती काढली, रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर रघुराम राजन यांना समोर घेतलं आणि प्रश्नकर्त्याची खुर्ची स्वतःच पटकावली. पक्ष कुठलाही असो, हिशेब एकच आहे, अडचणीचा प्रश्न नको.

आपल्या विधानसभेत तारांकित आणि अतारांकित असे दोन प्रकारचे प्रश्न असतात, हे इथल्या ज्येष्ठांना सांगायला नको. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर येतं, विषय मिटला. तारांकिताला मंत्र्यानं सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचं, आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. मंत्र्याला घाम फुटतो तो उपप्रश्नाला. मूळ प्रश्नाचं उत्तर खात्यानं लिहून दिलेलं असतं, उपप्रश्नाचं कुणी लिहून दिलेलं नसतं. आपले राजकारणावरचे बहुतेक पॉडकास्ट तीन तासांचे असले तरी अतारांकित आहेत. बालपण, आई, संघर्ष, आवडता पदार्थ, पहाटे किती वाजता उठता. आकडा सांगितला की यजमान मान हलवतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

त्यात आता यूट्यूबनं सगळं गिळलंय. गुगलनं स्वतःचं पॉडकास्टचं अॅप २०२४ मध्ये बंद करून टाकलं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये यूट्यूबनं सांगितलं की महिन्याला शंभर कोटींवर लोक आमच्याकडे पॉडकास्ट पाहतात. पाहतात, बरं का. म्हणजे ऐकायच्या गोष्टीला दिवे आले, मेकअप आला, थंबनेलवर उघडं तोंड आणि ‘धक्कादायक खुलासा’ आला. रतीब राहिला नाही, आज तुमच्या दारात काय टाकायचं हे मधला माणूस ठरवतो. आणि दोन तासांच्या बोलण्यातला चाळीस सेकंदांचा तुकडा मोबाइलवर फिरतो, बाकीचं कुणाला ठाऊकही नसतं. छापलेला लेख चाळून चूक दाखवता येते. तीन तासांच्या बोलण्यातली चूक शोधायला तीन तास ऐकावं लागतं, एवढा वेळ कुणाकडे आहे?

मी दुसऱ्यांना नावं ठेवतोय असं वाटेल, म्हणून आमचीच एक हकीकत सांगतो.

एक आमदार आमच्या त्या गोधड्यांच्या खोलीत आले होते. नाव सांगत नाही. दीड तास छान रंगला. मग माझ्या सहकारी मुलीनं विचारलं, धरण तुमच्या तालुक्यात आहे, तर तुमच्याच गावांना फेब्रुवारीपासून टँकर का लागतो? त्यांनी योजनेचं नाव सांगितलं, कोटींचा आकडा सांगितला. तिनं विचारलं, ती पूर्ण झाली का? आणि साहेब गप्प झाले. अकरा सेकंद. एडिटिंगच्या पडद्यावर बोलणं म्हणजे दातेरी डोंगर दिसतो, आणि शांतता म्हणजे नुसती सपाट रेघ. लांब रेघा आपोआप कापून टाकायची सोयही असते त्यात, एक बटण दाबलं की झालं. तर ती रेघ आणि त्यानंतर त्यांनी हळूच म्हटलेलं वाक्य, ‘ठेकेदाराचं काय सांगू तुम्हाला, ताई.’

रात्री स्वीय सहायकांचा फोन आला. “बाकी झकास झालंय सर. तेवढं ते पाण्याचं काढून टाका.”

आम्ही काढलं. मी काढलं, ती मुलगी नको म्हणत होती. पुढच्या आठवड्यात आणखी दोन नेते यायचे होते, हे माझं कारण. भाग जोरात चालला. ‘साहेब किती मनमोकळे आहेत’ अशा पन्नास-साठ प्रतिक्रिया आल्या. त्यातच त्यांच्या तालुक्यातल्या एका बाईंनी लिहिलं होतं: ‘कार्यक्रम आवडला. पाण्याचं विचारायला विसरलात का?’

त्यांना मी अजून उत्तर लिहिलेलं नाही. मूळ फाइल मात्र ठेवलीय, अकरा सेकंदांच्या रेघेसकट.