कंदील जळतोय, पण छाती धडधडतेय

नमस्कार मंडळी! सांगलीजवळच्या हरिपूरची हळद साठवायची पेवं तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असतील, जमिनीच्या पोटात खोल आणि वर तोंड एवढंसं, 2005च्या पुरात त्यातली कितीतरी गेली. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आधी वारं लागू द्यायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा, ज्योत विझली की उतरायचं नाव नाही. जुन्या विहिरीतला गाळ काढतानाही हेच करतात.

पण मला आज हेच सांगायचंय, की ज्योत जळतेय म्हणजे हवा चांगली असं धरून चालू नका. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड असतो साधारण 0.04 टक्के, तो 4 टक्क्यांवर गेला की जिवाला धोका, आणि तेवढ्यात कंदील विझेलच असं नाही. ना वास ना रंग, हवेपेक्षा दीडपट जड, त्यामुळे तळाशी साचून राहतो.

शरीराला मात्र कळतं. हा वायू रक्तात वाढला की रक्तातलं आम्ल वाढतं, मेंदू श्वास भराभर घ्यायला लावतो, नाडी पळायला लागते, प्रमाण फारच वाढलं तर ठोके वेडेवाकडे पडतात. म्हणून छातीला पट्टा लावून ठोक्यांचा आलेख वर मोबाईलवर बघता आला तर फार मोठी मदत होईल असं मला मनापासून वाटतं. मनगटावरचं घड्याळ घामानं आणि हातांच्या हालचालीनं चुकतं, आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे भरवशाचा नाही, तो ऑक्सिजन दाखवतो, कार्बन डायऑक्साइड वाढत असतानाही 97 टक्के दाखवू शकतो.

आता ठोके भीतीनं वाढतात, उकाड्यानं वाढतात, घमेलं उचललं तरी वाढतात, म्हणून नुसत्या आकड्यावरून गॅस आहे म्हणता येत नाही. उतरण्याआधी गॅस मोजायचं मीटर लावायचंच, आत ताजी हवा ढकलणारा ब्लोअर सोडायचाच. पण मीटर ठीक सांगतंय, माणूस खाली नुसता उभा आहे आणि ठोक्यांचा आकडा मिनिटाला 90, 110, 130 असा चढतोय, तर वरच्यानं विचारत बसू नये, कंबरेची दोरी ओढायला घ्यावी. दोरी आधीच बांधलेली पाहिजे, कारण वाचवायला म्हणून दुसरा उतरतो, त्याच्या मागून तिसरा, आणि एकाच घरातली माणसं एकाच विहिरीत जातात.