एक नाव, दोन घटसर्प

(दृश्य: पहाट, बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातला गोठा. धारेचा आवाज.)

इथं 'घटसर्प' म्हटलं की आधी म्हैस आठवते. पावसाच्या तोंडावर गळा सुजतो, श्वास घरघरतो, एक-दोन दिवसांत जनावर दगावतं. म्हणून मिरगाआधी गोठ्यागोठ्यात लस टोचली जाते.

पोरांच्या घशातला घटसर्प, म्हणजे डिप्थेरिया, निराळा, त्याचा जंतूच वेगळा. शेजारच्या कन्नड घरात त्याला 'गंटलमारी' म्हणतात. मराठीत मात्र दोन्हींना एकच नाव, आणि घोटाळा तिथंच होतो. म्हैस टोचली म्हणून पोर सुरक्षित होत नाही.

(दृश्य: शाळेचं अंगण. मग मेंढरांचा कळप.)

पोरांचा जंतू माणसातच राहतो. खोकल्या-शिंकेच्या तुषारांतून पसरतो, कधी चिघळलेल्या जखमेतून. पण त्याचे दोन भाऊबंद जनावरांत असतात: 'अल्सरन्स' गाईगुरांत, कुत्र्या-मांजरांत, दुसरा शेळ्यामेंढ्यांच्या गाठींत. विष बनवणारं जनुक जंतूला एका विषाणूकडून मिळतं. ते मिळालेला अल्सरन्स माणसाच्या घशातही पोरांच्या घटसर्पासारखाच राखाडी पडदा धरू शकतो.

(दृश्य: चुलीवरचं दूध उतू येतंय.)

धारोष्ण दुधाचं कौतुक आपल्याकडे फार. तरी उकळी येऊ द्या, कच्च्या दुधातूनही अल्सरन्स येऊ शकतो.

(दृश्य: प्रयोगशाळा. कापसाची काडी, जवळून.)

ही काडी नीट बघा. घशातल्या राखाडी पडद्याची कड जराशी उचलून तिच्याखालून नमुना घ्यायचा, तोही शक्यतो प्रतिजैविक सुरू होण्याआधी. टेल्युराइट हे रसायन घातलेल्या, जंतू वाढवायच्या बशीत काळे ठिपके उगवतात. रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, की हिरव्या काड्या एकमेकींना कोन करून पडलेल्या दिसतात, टोकांना गडद कण. 1884 साली जर्मन शास्त्रज्ञ लोफ्लरनं हाच जंतू वेगळा वाढवून दाखवला होता.

पण ठिपका दिसला म्हणजे विष आहेच असं नाही. त्यासाठी 1949 पासूनची एलेक चाचणी. बशीत प्रतिविषात, म्हणजे विष निकामी करणाऱ्या औषधात, भिजवलेली कागदाची पट्टी, तिला काटकोनात जंतूची रेघ. विष पाझरलं, तर दोन्हींच्या मधे पांढरी रेषा उमटते. पीसीआर ही दुसरी तपासणी काही तासांत विषाचं जनुक शोधते. मात्र जनुक असून विष न बनवणारे जंतूही सापडतात, म्हणून ही रेषा अजून हवीच.

रुग्णाला निकालाची वाट बघायला लावत नाहीत. संशय आला की प्रतिविष देतात. उशीर झाला तर विष हृदयाला धरतं.

(दृश्य: अंगणवाडी. लसीचं कार्ड.)

पोरांच्या घटसर्पाची लस: 6, 10, 14 आठवडे. मग दीड वर्ष, पाच वर्षं, आणि पुढं 10 व 16 वर्षं. कार्डावरची अक्षरं कन्नड आहेत. वाचता येत नसतील तर अंगणवाडीच्या बाईंना विचारा. या कार्डावर दहा वर्षांचा रकाना मोकळा आहे.